मामा कोरियन जेवतात

माझ्या आत्याचे यजमान पृथ्वीवर जेवायला आणि जेवू घालायला आले आहेत. मधला जो वेळ उरतो त्यात ते राजुरीला शेती करतात. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणायची रीत आहे, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचा नकाशा मामांच्या डोक्यात आहे, पण त्यात नद्या, धरणं, किल्ले असलं काही नाही. डिंगोरे म्हटलं की त्यांना तिथल्या एका लग्नातली कच्ची राहिलेली डाळ आठवते. मढ म्हणजे भात चांगला, पण कालवण पातळ. मंचर म्हणजे माझ्या लग्नातली जिलबी, जी त्यांच्या मते कडक झाली होती, आणि हे ते मला वर्षातून दोनदा तरी ऐकवतात. एकदा एका जुन्या सोयऱ्याच्या दहाव्याहून परतताना मी म्हणालो, माणूस मोठा होता हो. मामांनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले की बुंदी मात्र आदल्या दिवशीची असावी.

पंगतीत मामांच्या हाती आमटीची बादली आली की 'पुरे' हा शब्द त्यांना ऐकू येत नाही. पाहुण्याचं पहिलं 'नको' लाजेपोटी असतं, दुसरं रीत म्हणून असतं, आणि तिसरं खरं असलं तरी तोवर आमटी ताटात पडलेली असते. एका नवरदेवाला त्यांनी इतका आग्रह केला, की वरातीत त्याला घोड्यावर बसवेना. जीपमध्ये आडवा घालून न्यावा लागला. बुफे निघाल्यापासून मामांचं लग्नसंस्थेवरचं मन उडालं आहे. "हातात ताट घिऊन अन्नामागं फिरायचं," ते म्हणतात, "आमी काय कोंबड्या हाय का?" आणि गावाला असा हात धरून जेवू घालणारे हेच मामा घरी मात्र ताटावरून उठले की सरळ ओट्यावर जाऊन बसतात. आत्याच्या वाट्याला भाकरी उरली का, हे त्यांनी तीस वर्षांत एकदाही विचारल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, चाकणला एका कोरियन कंपनीत इंजिनियर आहे; बापाला ती दादा म्हणते. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी कोरियाला पाठवायचं ठरवलं आणि पोरीचे पाय जमिनीला लागेनात. मामा नाही म्हणाले. अशा वेळी माणसं पोरीचं वय काढतात, परका मुलूख काढतात, लोक काय म्हणतील ते काढतात. मामांनी एकच मुद्दा काढला: तिथं खायचं काय? त्यावर कोणाचंही उत्तर त्यांना पटेना. पासपोर्ट तिचा, पगार तिचा, ती न विचारताही गेली असती. पण बापाला नाराज करून विमानात बसायची तिची तयारी नव्हती, आणि कंपनीला उत्तर द्यायला आठवडाच उरला होता. तेव्हा तिने ठरवलं की बापाला एकदा कोरियन जेवणच जेवू घालायचं.

चाकणच्या बाजूला कोरियन साहेब लोकांसाठी निघालेलं एक हॉटेल आहे. टेबलातच शेगडी, तिच्यावर धूर ओढून घेणारा नळ, आणि पोट म्हणेल तितकं खायचं. रविवारची दुपार ठरली. आत्यालाही बरोबर घेतलं, आणि गाडी चालवायला मला. पोट म्हणेल तितकं, हे ऐकून मामांनी न्याहारी केली नाही आणि राजगुरुनगरपर्यंत ते कोरियाबद्दल बरंच चांगलं बोलले.

टेबलावर मांस आलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. कोंबडी आणि बोकडाखेरीज काही येणार नाही याची खात्री पोरीने आधीच करून घेतली होती, पण ते कच्चं येणार हे सांगायचं राहून गेलं होतं. इथे आपलं आपणच भाजायचं असतं, असं तिने सांगितल्यावर मामांनी विचारलं की मग हॉटेलवाले काय करतात. मग त्यांनी सवयीने चिमटा आत्याच्या पुढ्यात सरकवला. आत्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आज मी बसणार," ती म्हणाली. "तुमी भाजा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने मेनूकार्ड वाचायला घेतलं. ते कोरियन भाषेत होतं. पहिला घाणा मामांनी करपवला, दुसरा कच्चा ठेवला, तिसरा जमला. जमलेला पहिला तुकडा त्यांनी आत्याच्या ताटलीत ठेवला आणि शिजलाय का, असं विचारलं. आत्याने तो इतका सावकाश खाल्ला की मला तिच्याकडे बघवेना.

तोवर लहान लहान वाट्यांतून कोबीचं आंबवलेलं लोणचं, मुळा, मोड आलेलं कडधान्य असं काय काय आलं होतं. मामांनी प्रत्येकाला नावं ठेवली आणि उष्टं टाकायचं नाही म्हणून प्रत्येक वाटी चाटूनपुसून संपवली. वाटी रिकामी दिसली की हॉटेलची मालकीण, साठीतली एक हसरी कोरियन बाई, ती भरून ठेवी. मामा नको म्हणाले, तिने वाढलं. पुरे म्हणाले, तिने वाढलं. वाटीवर आडवा हात धरला, तर तिने शेजारी दुसरी वाटी ठेवली. मला या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

शेवटी तिने हिरव्या पानांची टोपली आणली. एक पान तळहातावर घेतलं, त्यात भात, भाजलेला तुकडा, थोडी लाल चटणी घातली, नीट मिटलं आणि मामांच्या पुढे धरलं. मामांनी विडा ताबडतोब ओळखला. आपल्याकडे विडा दिला की जेवण उरकलं. त्यांनी तो गालात धरला, उठले, हात कुठं धुवायचे म्हणून विचारलं, आणि चला म्हणाले. शेगडीवर मांस तसंच चरचरत होतं. पोर पोट धरून हसली. हा विडा नाही, इथे पान दुमडूनच जेवतात आणि मायेच्या माणसाला असा घास देतात, हे समजावून तिने बापाला परत बसवलं, आणि तेवढ्यात हसू आवरून विचारून टाकलं:

"दादा, मग जाऊ का मी?"

मामांनी भात रोज असतो का ते विचारलं. असतो म्हणाली. तिखट? तेही असतं. आजारी पडल्यावर पेज कोण करून देणार, असं विचारल्यावर तिने आईकडे पाहिलं. मामांनी टोपली पुढ्यात ओढली. मग त्यांनी एक पान उचललं. त्यांच्या जाड बोटांना ते मिटता येईना, भात सांडला, पान फाटलं, दुसरं घेतलं. कसाबसा बांधलेला तो घास त्यांनी तिच्यापुढे धरला.

"घे. पावण्याला विडा दिला का त्यो निघायला मोकळा."

"मी काय पावणी हाय का दादा?"

"आता हायेस," मामा म्हणाले.

तिने तो अख्खा तोंडात घातला आणि चावता येईना तरी चावत राहिली. इतका वेळ त्यांची मनातल्या मनात टिंगल करत बसलेल्या मला आपलीच लाज वाटली. मामा खाली मान घालून मांस उलटत होते. शेगडीवरच्या नळाने सगळा धूर वर ओढून नेला होता, त्यामुळे डोळे पुसायला त्यांना धुराचं निमित्तही सांगता आलं नाही.