नारळाविना खाव स्वे

बर्मी बाईने मला फसवलं, असं मी सिंगापुरातल्या तिच्याच स्टॉलसमोर ओरडलो. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, ईस्ट कोस्टहून, खास खाव स्वे खायला आलो होतो आणि ताटलीत नुसत्या कोरड्या नूडल्स. नारळाचं दूध कुठाय?

बाईने शांतपणे झारा पुसला. मग हवेतच पीठ दुमडून, ओढून दाखवलं.

“खाव म्हणजे दुमडणं, स्वे म्हणजे ओढणं. झाल्या नूडल्स. नारळाचं दूध म्हणजे ओन नो, ते तुम्ही म्हणालाच नाहीत. अर्धं नाव, अर्धी डिश, अंकल.”

“मग पैसेही अर्धेच घ्या!”

“भांडलात मात्र पूर्ण, लाह!” असं खास सिंगापुरी हेल काढून म्हणत तिने पुन्हा झारा पुसला.

मी ताटली संपवली. पुण्याच्या ज्या हॉटेलात मी वर्षानुवर्षं नारळाचं ‘खाव स्वे’ खाल्लं, त्याच्या मालकाने आता जाब द्यावा: मेन्यूवरचे पहिले दोन शब्द कुणी गिळले?