छतातला तिसरा काटा

कसारा घाट चढताना आमच्या पिकअपचं पाणी उकळलं, रेडिएटरचा पाइप फुटला, आणि बॉनेटमधून वाफ यायला लागल्यावर कुठे समोरचा लाल दिवा लागला. मागे मुंबईकडून आणलेल्या गुलाबाच्या कलमांच्या पिशव्या होत्या, शेजारी बायको. "हा दिवा म्हणजे माणूस गेल्यावर येणारा डॉक्टर," ती म्हणाली. तेव्हाच ठरवलं, या गाडीला नीट काट्यांची मीटरं बसवून घ्यायची.

निफाडच्या रस्त्याला आमची नर्सरी आहे. इगतपुरीकडच्या बंगल्यांना, हॉटेलांना आम्ही झाडं पोचवतो. पिकअप जुनी, दलालामार्फत घेतलेली. आधीचा मालक सिन्नरकडचा शेतकरी, एवढंच माहीत होतं. डॅशबोर्डवर तर बोटभर जागा नव्हती. पण काचेच्या वर, छताला, प्लॅस्टिकचा एक कप्पा होता, ज्यात बायको चष्मा आणि छाटणीची कात्री टाकायची. त्याला भोकं पाडून तीन मीटरं बसणार होती : पाण्याचं तापमान, ऑइलचं प्रेशर आणि बॅटरीचे व्होल्ट.

नाशिकला द्वारका चौकाजवळ माझ्या ओळखीचा एक वायरमन आहे. त्याने कप्पा खाली उतरवला, छताच्या अस्तरात हात घातला आणि थांबला.

"शेठ, इथे आधी कुणीतरी काम केलंय."

अस्तराच्या वर एक जुनी वायर होती, कापडी चिकटपट्टीत नीट गुंडाळलेली. त्याने टेस्टिंगचा बल्ब लावला, तर चावी बंद असूनही बल्ब पेटला. थेट बॅटरीवरून आलेली लाइन. "आयतीच मिळाली," म्हणत त्याने तिसऱ्या, व्होल्टच्या मीटरला तीच जोडली. बाकीच्या दोन मीटरांच्या वायरी त्याने काचेच्या कडेच्या खांबातून खाली इंजिनापर्यंत नेल्या.

सुरुवातीला मला फार मजा वाटली. वर नजर टाकली की गाडीच्या पोटातलं सगळं कळायचं. मग एकदा घोटीहून मोकळी गाडी घेऊन परतत होतो. दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्ता सरळ. तिसरा काटा हळूच डावीकडे झुकला, तसाच थोडा राहिला आणि परत जागेवर आला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. वायर ढिली असली की काटा थरथरतो, ते मला माहीत आहे. हा थरथरत नव्हता. कुणी बोटाने दाबावा आणि सोडावा, तसा जात होता.

"बॅटरी गेली का?" बायकोने विचारलं.

"असेल," मी म्हणालो.

बॅटरी चांगली होती. दोन-चार दिवसांनी गाडी नर्सरीत उभी होती, चावी माझ्या खिशात. बायको चष्मा घ्यायला केबिनमध्ये चढली आणि तिने मला हाक मारली. आवाज मोठा नव्हता, पण मी हातातली झारी टाकून गेलो. दोघं इकडे-तिकडे न बघता त्या काट्याकडे बघत राहिलो. तो झुकला. त्याच वेळी सीटच्या मागून घरघर ऐकू आली, मुठीत भुंगा धरल्यासारखी. काटा सरळ झाला तशी घरघर थांबली.

दुसऱ्या दिवशी वायरमनने सीटची पाठ काढली. मागच्या पत्र्याला एक घंटी बसवलेली होती, शाळेत असते तशी, लहान. तिच्या वाटीत चिंध्या ठासून भरल्या होत्या आणि वरून सुतळीने आवळून बांधल्या होत्या. घंटीची वायर पत्र्यातून मागच्या हौद्यात गेली होती. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात, पाय पसरून बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर एक बटन होतं. त्यावर हौद्याचाच रंग फासला होता, म्हणून ते आम्हाला कधी दिसलं नव्हतं.

"बटन गंजलंय. आतल्या आत टेकत असेल, म्हणून करंट खेचतंय," वायरमन म्हणाला. पण त्याने घंटीला हात लावला नाही. "तोडू का?"

आधी जुन्या मालकाला विचारू, असं मी म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

दलालाकडून पत्ता घेऊन मी त्याच गाडीने सिन्नरला गेलो. मालक माझ्याच वयाचा निघाला. अंगणात कांदा निवडत बसला होता. घंटीचं नाव काढलं तसा त्याने हात थांबवला.

"वाजती का अजून?"

"वाजत नाही. पण वर काटा बसवलाय, तो हलतो."

त्याने हातातला कांदा खाली ठेवला. मग म्हणाला, "बाचे गुडघे दुमडत नव्हते. केबिनीत बसता येईना. पण मार्केटला यायची हौस लय. म्हणून मागं पोत्यांवर बसवायचो, अन् हाक मारायला ती घंटी दिली. मग काय, उगाच दाबायचा. पाणी पायजे, तंबाखू पायजे, कोण गेलं रं ते. त्या दिवशी लय दाबली. मला वाटलं, नेहमीचंच. नाशकात उतरल्यावर बघू."

त्याने मांडीवरची कांद्याची टरफलं झटकली.

"दहावं झालं, तेरावं झालं, तरी वाजायची. वायर तोडायला हात उचलंना. शेवटी चिंध्या कोंबल्या अन् गाडी इकली." तो उठला. "मला बघायचाय तो काटा."

केबिनमध्ये बसून तो छताकडे बघत राहिला. काटा हलला नाही. मग तो उतरला, मागे गेला आणि हौद्यात त्या कोपऱ्यात जाऊन बसला. "चालवा," तो म्हणाला. मी गाडी हळूहळू फाट्याच्या दिशेने काढली. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काटा झुकला आणि झुकलेलाच राहिला. मी तिथल्या तिथे ब्रेक मारला आणि धावत मागे गेलो.

तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

"तुम्ही दाबलं?"

"नाय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण तुम्ही थांबला."

परत आल्यावर त्याने स्वतःच सुतळी सोडली, चिंध्या एकेक करून ओढून काढल्या आणि घरात घेऊन गेला. मला चहा प्यायल्याशिवाय जाऊ दिलं नाही. घंटीची वायर तशीच ठेवायची, हे मी परतीच्या वाटेवरच ठरवलं.

वायरमनने मीटरला वेगळी लाइन दिली, बटनही नवीन बसवलं. काटा आता जागचा हलत नाही. घंटी मात्र अधूनमधून वाजते, खणखणीत, मोकळ्या गाडीतसुद्धा. बायकोने त्यातून रीत काढली. घंटी वाजली की मी गाडी कडेला घेतो, ती उतरते, ताडपत्री वर करून आत बघते आणि परत येऊन बसते. उशीर होतो कधीकधी, होऊ देतो.

यंदा काम वाढलं म्हणून एक ड्रायव्हर ठेवला. घंटीचं त्याला काही सांगितलं नव्हतं, काय सांगणार? पहिल्याच फेरीला त्याला एकट्याला इगतपुरीला पाठवलं. संध्याकाळी तो परत आला, चावी खिळ्याला अडकवली आणि जरा नाराजीनेच म्हणाला, "मालक, मागं कुणाला बसवणार असाल तर आधी सांगत जा. मी गाडी हळू घेतली असती."

बायको माझ्याकडे बघत होती.

"बरं," मी म्हणालो. "सांगत जाईन."