काउंटरची काच

वडगावात कोर्टाच्या रस्त्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या माणसानं आजवर मान वर करून माझ्याकडं पाहिलेलं नाही. बोलताना तो फडक्यानं काउंटरची काच पुसत राहतो. "बसा ताई, व्हतंय. घाई न्हाई." त्याच्या या अदबीचं आम्हा बायकांना फार कौतुक. म्हणून तर मुलीला एकटीला मी त्याच्याकडंच पाठवते.

परवा भावानं दिलेला स्मार्ट चष्मा फोनला जोडून घ्यायला गेले. ब्लूटूथ जुळल्यावर त्यानं तो स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. मान नेहमीसारखीच खाली.

"मी जे बघीन त्ये तुमच्या फोनात येतंय बघा," म्हणत त्यानं चष्म्याच्या दांडीवरचं बटण दाबलं.

फोटो आला. मला वाटलं, काचेखालची कव्हरं नाहीतर चार्जर दिसतील. पण पुसून पुसून लख्ख केलेल्या त्या काचेत, अगदी मधोमध, माझा चेहरा होता.

"आला का?" त्यानं खालीच बघत विचारलं.

मी फोन पालथा धरला. "नाही," मी म्हणाले.

तो पुन्हा काच पुसायला लागला. "आसू द्या ताई. पोरीला पाठवा, तिला दावतो."