झरीच्या मोटरीचा ड्रायव्हर

मारेगावात नोकरीला होतो तेव्हा रविवारी मी सहज झरीच्या मोटरीत बसायचो. डोंगरातली गावं बघत जायचं, नाल्याकाठी डबा खायचा आणि त्याच मोटरीनं परतायचं. ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. मोहाच्या झाडांखाली तो मोटर हळू करी, वस्तीवस्तीवर कोलाम आदिवासींना त्यांच्या कोलामीत काहीबाही विचारून हसे. माझ्याशी बोलणं एवढंच, "बरं हाय ना, बाबू?"

एकदा वाटेत एक साहेब चढले. जागा नव्हती. त्यांनी एका कोलाम म्हातारीला उठवलं आणि तिथं बसले. ती खाली टेकली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि उतरून बिडी पेटवली.

"का रे, थांबवलीस कशाला?" साहेबांनी विचारलं.

"इंजन तापलं, साहेब. बुढीमाय जाग्यावर बसली का गार होते."

साहेब हलेनात. माझी जागा त्यांना द्यावी म्हणून मी उठू लागलो. ड्रायव्हरनं बाहेरून माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी परत बसलो. शेवटी साहेबच उठले, म्हातारी बसली आणि मोटर निघाली.

झरीपर्यंत साहेब दांडा धरून उभे होते. मी खिडकीबाहेर बघत होतो, पण त्या दिवशीचं एकही गाव मला आठवत नाही.