मीटरमामाची जीभ

विद्यापीठाच्या मत्स्यालयात मी दर बुधवारी जाते. तिथल्या टाक्या सांभाळणाऱ्याला सगळे मीटरमामा म्हणतात. पूर्वी तो आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढायचा. अकरा वर्षांत पडदा कधी क्षणभर आधी पडला नाही, की नंतर.

खाडीतून नळाने येणारं पाणी टाक्यांत सोडण्याआधी मामा त्यात बोट बुडवून जिभेला लावतो आणि खारटपणाचा आकडा वहीत लिहितो. विद्यार्थ्यांनी एकदा यंत्राने ताडून पाहिलं, तर आकडा तोच! "यंत्राचा सेल संपतो, ताई. माझी जीभ थकलेली पाहिलीत कधी? बायकोला विचारा!"

त्या बुधवारी मात्र तारामासे काचेवरून सुटून तळाशी पडले होते, ओल्या फडक्यांसारखे. दोन मेले होते. नदीला पूर आलेला; खाडीचं पाणी गोडं झालं असतं तर वहीत दिसलं असतं, पण तिथे आकडा नेहमीचाच. म्हणजे दोष पाइपांतच, असं धरून विभागप्रमुख बाई एकेक पाइप उघडून बघायला लावत होत्या. मामा पाना घेऊन पाइप उघडत होता.

तेवढ्यात त्याची बायको डबा घेऊन आली. "ताई, ह्यांना झालंय तरी काय? काल मी भाजीत मीठच विसरले. एरवी घर डोक्यावर घेतात, काल चाटूनपुसून जेवले!"

मामाचा चेहरा उतरला. मी त्याला बाजूला घेतलं. "कधीपासून?"

"तापातून उठलो तेव्हापासून. दोन महिने. अंदाजाने लिहीत होतो. वाटलं, येईल चव परत."

"बाईंना सांग."

"मग मला इथे ठेवतील कशाला, ताई?"

"आणि त्या पाइपच तपासत बसल्या, तर हे उरलेले?"

त्याने टाकीकडे पाहिलं आणि सरळ बाईंसमोर जाऊन उभा राहिला. "पाइप ठीक आहेत. मला चव लागत नाही. आकडे खोटे आहेत."

रंगमंचावर मी पुष्कळ कबुल्या दिल्या, टाळ्याही घेतल्या. इतक्या खालच्या आवाजातली एकही नव्हती.

बाईंनी आधी साठवणीच्या टाकीतलं खारं पाणी सोडायला लावलं. मग हात पुढे केला. "वही द्या. उद्या सकाळी या, बोलू."

मामा घरी गेला नाही. टाकीसमोर स्टूल ओढून बसला. मत्स्यालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत एकच तारामासा हलला. शेजारी बायको न उघडलेला डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "मला तरी सांगायचं."