आठव्या बेटाची चाल

“उडी! उडी मार की मुडद्या! छत्री उघड! उघड म्हनतो ना… गेला! पुन्हा गेला बघा पान्यात!”

ही आरोळी सुमंतची. हॉस्पिटलने घरी पाठवलेला, अंगावर हाडं तेवढी उरलेली, उठून बसायला दोन उशा आणि एक बायको लागणारा माणूस. पण आवाज असा की नागापूरच्या चौकात शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला असं समजून चार कामगार डबे उचलून घरी निघाले. रविवार होता, कारखाने बंद होते, तरी निघाले. मी त्याच्या कॉटशेजारी जमिनीवर मांडी ठोकून, जुन्या व्हिडिओ गेमचा रिमोट धरून, पन्नाशी उलटलेल्या अंगठ्यांनी पडद्यावरच्या दोन इंची माणसाला एका पुलावरून नेत होतो आणि तो दर खेपेला मरत होता. त्या पुलापलीकडे या खेळाची शेवटची चाल वाजते, असं म्हणत. ती सुमंतला ऐकायची होती, डोळे मिटायच्या आत. आणि “त्यात काय, मी ऐकवतो,” असं मीच आगाऊपणे बोलून बसलो होतो. त्या रविवारनंतर अठराव्या दिवशी तो गेला. बातमी आली तेव्हा मी नेवाशाच्या एसटीत उभा होतो. कंडक्टरनं कुठं उतरणार विचारलं, तर मला माझ्याच गावाचं नाव आठवेना…

त्याची-माझी ओळख नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात झाली. तो फिटर, मी लेथवर. त्याला शिट्टीची खोड होती आणि शिट्टी अशी पक्क्या लयीची की माझी लेथ आपोआप त्याच्या तालावर फिरायला लागे. सुपरवायझरनं लेखी मेमो दिला. मेमोत ‘शिट्टी वाजवू नये’ असं नव्हतं. ‘दुपारनंतर जलद चाल वाजवावी’ असं होतं. आता यावर कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून मी तो मेमो जपून ठेवला होता, तर तो नेमका उंदरांनी खाल्ला. असो. सुमंतचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. वडील चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे, त्यांच्यानंतर ते काम याच्याकडे आलं. दोन्ही पायांनी भाता हाणायचा आणि दोन्ही हातांनी गायचं, असं तो म्हणे.

मग आम्ही दोघांनी मिळून कंपनीच्या रस्त्याला एक पत्र्याची खोली घेतली आणि तिथं चार डबा टीव्ही मांडून व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. मोबाईल यायच्या आधीचा काळ. शिफ्ट सुटली की तेलकट हातांची माणसं थेट आमच्याकडे. रणगाड्यांचा खेळ होता, त्याची सुरुवातीची चाल चार सेकंदांची. ती वाजली की अख्खं दुकान ताठ बसायचं. मोटारसायकलींचा होता, विटा रचायचा होता. पण सुमंतचा जीव जडला छत्रीवाल्यावर. एक बुटका माणूस, पिवळी छत्री, आठ बेटं. वारा आला की छत्री उघडून उडायचं, एवढाच खेळ. कॅसेटवरचं नाव कधीच घासून गेलेलं. प्रत्येक बेटाची चाल वेगळी. दुसऱ्या बेटाची संथ, पाण्याखालची, तीन-तीन मात्रांनी झुलणारी. पाचव्या बेटावर गुहा, तिथं नुसता खालचा आवाज धाप टाकल्यासारखा. सातव्यावर बर्फ, मे महिन्यात, पत्रा तापलेला असताना, ती चाल लागली की गिऱ्हाईक उठून पंखा बंद करायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

“दत्त्या, ऐक,” तो मला सांगायचा, “ह्या मशिनीत आवाज तीन. आनि एक नुसती खरखर. तीन मानसांत आनि एका खुळखुळ्यावर वरात काढायची हाय. मग फालतू सूर ठिवशील का? एकबी न्हाई.” मोठ्या सिनेमाचं संगीत आपण ऐकतो, तेव्हा कान सावध असतो, त्याचं म्हणणं. इथं हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान मात्र दार उघडं टाकून बसलेला. सूर सरळ आत येऊन पाय पसरतो. शिवाय ही चाल फिरून फिरून वाजते. शेवट आणि सुरुवात अशी जोडायची की शिवण दिसता कामा नये. शिवण दिसली की पाचव्या फेरीला माणूस वैतागतो. नाही दिसली तर पाचशेव्या फेरीलाही गुणगुणतो. “आनि सगळ्यात मोठं म्हंजे,” इथं तो बोट वर करायचा, “आपन मेलो की ती तुटती. मधीच. म्हनून ज्याला-त्याला आपापल्या मरनापर्यंतचीच चाल पाठ.” हे खरंच होतं. आमच्या गिऱ्हाइकांची शिट्टी ऐकून मी सांगू शकायचो, हा गडी कुठल्या खड्ड्यात पडतो ते.

दुसऱ्या बेटाची चाल त्यानं पुढं काय केली, ते सांगायला हवं. एका नाताळात मी चर्चला गेलो, शेवटच्या बाकावर बसलो. दानार्पण सुरू झालं, थैली फिरू लागली आणि सुमंतनं पायपेटीवर एक इतकी गंभीर, इतकी लांबवलेली धून धरली की माझेही हात जुळले. मग माझे अंगठे हलायला लागले. आपोआप! अरे, हे तर पाण्याखालचं बेट… निम्म्या वेगानं! समोर पाहतो तर पुढच्या तीन बाकांवरची तरुण मंडळी माना खाली घालून बसलेली. पाळकसाहेबांना वाटत असणार, काय भक्ती आहे! मला दिसत होते फक्त अंगठे. पंधरा-वीस जोड्या, एकदम उजवीकडं, एकदम वर. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या पंचांनी डोळे पुसत सुमंतचा हात धरला. “ही चाल माझ्या आजोबांच्या वेळची. गोऱ्या मिशनरी बाईंनी शिकवलेली. तू जपलीस, बाबा.” सुमंत म्हणाला, “व्हय, कठीन होतं जपनं.” पुढं कित्येक वर्षं ती चाल दानार्पणाला वाजत राहिली, आणि कुणाला तरी तिचे शब्दही आठवायला लागले होते.

आठव्या बेटापलीकडं मात्र कुणीच गेलं नव्हतं. तिथं एक लांब पूल, समोरून वारा. छत्री उघडली की माणूस उलटा मागं, पाण्यात. सुमंत वर्षानुवर्षं पुलापर्यंत गेला आणि वर्षानुवर्षं मेला. “पलीकडं चाल हाय, दत्त्या. तीन तालुक्यांत कुनी ऐकलेली न्हाई.” दुकान बंद पडलं, आम्ही रिटायर झालो, तरी एक टीव्ही आणि ती मशीन त्यानं घरी नेली. मधल्या काळात मोबाईलवर जगातल्या सगळ्या खेळांचं संगीत आलं. तो ऐकायचा, शेरे मारायचा. एका नव्या खेळाला शंभर व्हायोलिनं होती, म्हणाला, “झकास. पन न्हानीघरात म्हनता येईना.” दुसऱ्या एकात उजाड माळावर घोडा चाललेला आणि मधूनच पियानोचे दोन थेंब पडायचे, त्याला मात्र त्यानं हात जोडले. “हा मानूस गप ऱ्हायला शिकलाय.” मी म्हटलं, अरे, मग छत्रीवाल्याचा शेवटही मोबाईलवर शोधू की! तर माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पूल न ओलांडता ऐकलेली चाल त्याच्या लेखी चोरीची होती. आपल्या मशिनीवर, आपल्या घरात, कुणीतरी पूल ओलांडायचा आणि मग ती वाजायची.

म्हणून त्या रविवारी मी मरत होतो. सत्तावीस वेळा मेलो. छत्री लवकर उघडून मेलो, उशिरा उघडून मेलो, एकदा शिंक आली म्हणून मेलो. आरोळ्या बारीक होत गेल्या. सुमंतनं डोळे मिटले, आणि ते झोपेचे मिटलेले नव्हते, हे मला कळलं… माझा घाम त्या रिमोटवर टपकत होता आणि मी काहीतरी विनोद शोधत होतो, तो सापडत नव्हता.

तेवढ्यात रूथवहिनी स्वयंपाकघरातून आल्या. वहिनी म्हणजे सुमंतची बायको, जन्मभर सकाळच्या शाळेत मास्तरीण. पदराला हात पुसत म्हणाल्या, “भाऊजी, सरका जरा.” रिमोट घेतला, खुर्ची ओढली, खेळ पहिल्यापासून लावला, आणि बाई चालल्या ना! पहिलं बेट, दुसरं बेट, जणू रस्त्यानं भाजी आणायला निघाल्यात. सुमंतनं एक डोळा उघडला, मग दुसरा. “अगं, डावीकडं… अगं…” मग त्यानं सांगणंच सोडलं. पूल आला. वारा सुटला. वहिनींनी छत्री मिटली. मिटली! आणि तो बुटका मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत, पायी पायी पलीकडं गेला. आम्ही सारा जन्म उडायला बघत होतो.

चाल वाजली. वीसेक सेकंद असेल. दोनच आवाज, तिसरा गप्प. हळूहळू दोहोंतला एक थांबला, मग दुसराही एका लांब सुरावर येऊन टेकला… आणि परत सुरू झाली नाही. सुमंतची बोटं चादरीवर पायपेटी वाजवत होती, ती त्या सुरावर थांबली. छत्रीवाल्याच्या इतक्या वर्षांत ऐकलेल्या सगळ्या चाली फिरणाऱ्या; शेवट असलेली ही पहिलीच. पडदा काळा झाला. मी ओरडलो, खिडक्या हलल्या, शेजारची म्हैस दोरी तोडून हिवरे बाजारापर्यंत गेली असं नंतर कळलं. म्हटलं, वहिनी, पुन्हा एकदा! सुमंतनं मान हलवली. “ऱ्हाऊ दे. बरोबर जागेवर टेकली.” आणि हसला. असा हसला की मी ते वर्णन करायच्या भानगडीत पडत नाही, माझी थापाड्या म्हणून ख्याती आहे.

दफनानंतर आठवड्यानं घरी गेलो. वहिनी मशिनीच्या वायरी गुंडाळत होत्या. मला राहवेना. विचारलं, “वहिनी, पूल पहिल्यांदाच ओलांडलात ना त्या दिवशी?”

“नाही. दुकान होतं तेव्हा दुपारी मीच बसायची. दोनदा गेले होते.”

मी उडालोच. “अहो, मग त्याला सांगितलं का नाही? इतकी वर्षं?”

वहिनींनी वायरीला गाठ मारली.

“ते रोज पुलापर्यंत जात होते. चांगलं चाललं होतं त्यांचं.”