विहिणीचा रुसवा आणि शेवंती

मुलीने इटलीच्या मुलाशी लग्न करायचं म्हणून सांगितलं, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला. कॅथलिक आहे का? ती म्हणाली, आहे. मग काय, मी म्हटलं, आपलाच आहे. वसईला भावाला फोन केला तर तोही हेच म्हणाला. पोप एक, चर्चमधली रविवारची मिस्सा एक, जपमाळेचे मणीसुद्धा सारखे. अडणार कुठे?

मला खरी काळजी वेगळीच होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. आम्ही वसईचे, माझं माहेर फुलांच्या वाडीतलं. नवऱ्याला रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून लग्नानंतर बनारसला आलो. मी इथल्या एका शाळेत शिकवू लागले, मुलगी इथेच जन्मली आणि नवरा इथेच गेला. त्याला इथल्या कब्रस्तानात, दोन चिंचांच्या मध्ये ठेवलं आहे. एकुलती एक मुलगी सातासमुद्रापार गेली की त्या दगडावर मेणबत्ती लावायला मी एकटी उरणार. आणि माझ्यानंतर कोणी नाही. ज्या घरात ती जाणार, त्या घराला आमचा मेलेला माणूस आपला वाटेल का, हे मला जाणून घ्यायचं होतं. ‘कॅथलिक आहे का’ या प्रश्नात मी तेच विचारलं होतं.

जावईबापूंशी ओळख वाढत गेली तसा माझा ‘आपलाच आहे’ जरा पातळ होऊ लागला. तो इथे संस्कृत शिकायला आलेला, हिंदी फर्डा बोलायचा, स्वभावाने गरीब. पण पहिल्याच रविवारी बूट घालून थेट वेदीपर्यंत गेला. आमच्या चर्चमध्ये सगळे चपला बाहेर काढून सतरंजीवर बसतात, बायका डोक्यावर पदर घेतात. मागच्या आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा आल्या पावली परत गेला आणि बुटांच्या नाड्या सोडत बसला. मिस्सेत एकमेकांना शांती द्यायच्या वेळी आम्ही हात जोडतो, हा शेजाऱ्याचा हात धरून गदागदा हलवायचा. राखेच्या बुधवारी तर कमाल झाली. फादर राखेत अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढायला उभे, आणि हा मान खाली घालून टाळू पुढे करून उभा. त्यांच्याकडे राख डोक्यावर भुरभुरतात म्हणे. फादरनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली.

ही हकीकत मी ब्रह्मा घाटावरच्या माझ्या मैत्रिणीला सांगितली. ती माझ्याबरोबर शाळेत शिकवायची. तिच्या घरात कित्येक पिढ्या वेदपाठ चालत आलेला, मराठी आमच्यापेक्षा जुनी आणि हिंदी तिच्यात मुरलेली. ती हसून म्हणाली, यात काय विशेष. आमचा श्रावण सुरू होतो तोवर इथल्या लोकांचा आधा निपटलेला असतो. शंकर तोच, सोमवार तेच, पण पंचांग निराळं. तिच्या सुनेला, जी पुण्याची आहे, अजून ते पटलेलं नाही.

लग्न नोव्हेंबरमध्ये ठरलं. ते ऐकताच मी गच्चीवर शेवंतीच्या कुंड्या मांडल्या. पांढरी आणि पिवळी. आमच्याकडे शेवंती म्हणजे लग्नघर. नवरीची वेणी शेवंतीची, करवल्यांची शेवंतीची, मदर मेरीच्या पायाशीही तीच. नवरा होता तोवर थंडीतल्या दर रविवारी मिस्साआधी शेवंतीची एक वेणी घेऊन यायचा. इथल्या माळिणीला ओवता यायची नाही तशी, म्हणून स्वतः तिच्यापाशी बसून केळीच्या सोपाच्या धाग्यात कशी गुंफायची ते दाखवायचा. तो गेल्यावर मी फुलं माळणं सोडलं. आमच्याकडे विधवा माळत नाहीत. पण कुंड्या कधी सोडल्या नाहीत.

जावयाची आई, म्हणजे माझी विहीण, लग्नाच्या आठवडाभर आधी यायची होती. तिला मिळालेलं विमान नेमकं असं की मृतांच्या दिवशी, म्हणजे दोन नोव्हेंबरला, संध्याकाळी ती बनारसला पोचली. त्या दिवशी सकाळीच मी कब्रस्तानात जाऊन आले होते. झेंडूचे हार, मेणबत्त्या, उदबत्ती, फादरनी शिंपडलेलं पवित्र पाणी, सगळं यथासांग. सकाळ मेलेल्यांची झाली, आता संध्याकाळ जिवंतांची, असा माझा हिशोब. घरी येऊन मी वेण्या गुंफायला बसले.

दारात ओवाळलं, गूळ-पाणी दिलं. बाई उंच, करड्या केसांच्या, दमलेल्या. डोळे मात्र हसरे. त्यांना इटालियनखेरीज काही येत नव्हतं. मुलगी त्यांची भाषा शिकत होती, तिनेच सामान आत नेलं. त्याही विधवाच, पण आमचा नियम त्यांना कशाला, म्हणून मी मुद्दाम सर्वांत दाट वेणी त्यांच्यासाठी ठेवली होती, पांढऱ्या शेवंतीची. ती पिन लावून केसांत माळायला पुढे झाले तर बाई एकदम मागे सरल्या. चेहरा पांढरा फटक. हात आडवा धरला, छातीवर क्रूस काढला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

जावई आईला दारात सोडून चर्चमध्ये फादरना भेटायला गेला होता, तो आता सकाळीच येणार होता. मुलगी म्हणाली, दमल्या असतील. पण माझी मैत्रीण तिथेच होती आणि तिला या बाबतीत मुळीच शंका नव्हती. ती म्हणाली, “अगं, रुसली ती. विहीण आहे, रुसायचा हक आहे तिचा. मानपानात कमी पडलं काहीतरी. आता मनवायला पडेल.”

मला पटलं. पटणारच. विहीण रुसली नाही तर ते लग्न कसलं? माझ्याही सासूबाई माझ्या लग्नात पंगतीवरून उठून गेल्या होत्या आणि माझ्या आईने त्यांना नवं लुगडं आणि फुलांची आख्खी परडी देऊन परत आणलं होतं. तेव्हा वेणी लहान पडली असणार. आम्ही दोघींनी गच्चीवर जाऊन उरलेली सगळी फुलं खुडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई न्हाणीघरात गेल्या तेवढ्यात त्यांच्या खोलीच्या दाराला तोरण बांधलं, उशाशी पसाभर फुलं ठेवली, पलंगाभोवती माळा सोडल्या. नवरीचाही पलंग कोणी इतका सजवला नसेल. मग आम्ही विहीणबाईंचा रुसवा जायची वाट पाहत खोलीबाहेर उभ्या राहिलो.

त्या आल्या, पलंग पाहिला आणि मटकन खाली बसून रडू लागल्या.

जावई धावत आला. आईशी बोलला, मग माझ्याकडे वळला तेव्हा त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं. हिंदीत म्हणाला, मांजी, आमच्याकडे ही फुलं फक्त कबरीवर नेतात. आणि तीही याच दिवसांत. तुम्ही काल तिच्या डोक्यात घालायला गेलात आणि आज तिचं अंथरूण सजवलंत.

मैत्रिणीने कपाळावर हात मारला. मला मात्र आधी राग आला, खोटं कशाला बोलू. एक धर्म, एक पंथ, एक मिस्सा, आणि माझ्या माहेरचं फूल यांना मरण वाटतं? माझा नवरा ज्या फुलासाठी माळिणीपाशी तासभर बसायचा, ते हिच्या घरी दारातसुद्धा चालणार नाही. मग माझी मुलगी तिथे काय म्हणून राहणार आहे? मी तडातडा तोरण तोडलं आणि फुलं टोपलीत भरली. गच्चीवरून खाली टाकून द्यायची एवढंच डोक्यात होतं.

टोपली घेऊन निघाले तर बाईंनी माझा हात धरला. डोळे पुसले आणि भिंतीवरच्या माझ्या नवऱ्याच्या फोटोकडे बोट दाखवून मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, आई, बाबा कुठे आहेत विचारतायत. कब्रस्तान किती लांब आहे?

मैत्रिणीसकट आम्ही चौघी ऑटोने गेलो. टोपली त्यांनी मांडीवर घेतली, मला धरू दिली नाही. तिथे काल मी लावलेल्या मेणबत्त्यांचं मेण दगडावर थिजलं होतं, झेंडू कोमेजले होते. बाईंनी बाह्या वर केल्या, तिथल्या माळ्याकडून बादली मागून घेतली आणि दगड धुवायला बसल्या. नखांनी मेण खरवडलं. कोपऱ्यातलं शेवाळ काढलं. माझ्या नवऱ्याच्या नावातली अक्षरं एकेक करून ओल्या फडक्याने पुसली. सवयीचे हात होते ते, पाहूनच कळत होतं. मग पांढरी एका बाजूला, पिवळी एका बाजूला अशी सारी शेवंती मांडली आणि गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली. ती ओठांच्या हालचालीवरून मला कळली. आमचीच होती.

उठल्यावर त्या माझ्याशी बोलल्या आणि मुलगी मला सांगत गेली, “या वर्षी माझा हा दिवस विमानतळावर गेला. नवऱ्याकडे जायला मिळालं नाही, म्हणून काल फूल पाहिलं आणि मला वाटलं तो रागावला. आता तुमच्या नवऱ्याकडे आले, म्हणजे झालं. पुढच्या वर्षीपासून तिकडे मी दोघांसाठी फुलं नेईन. माझ्यानंतर ही तुमची मुलगी नेईल.”

मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं. इतके महिने छातीवर घेऊन फिरत होते तो प्रश्न मी उघड विचारलाच नव्हता. या परक्या बाईने त्याचं उत्तर हातातल्या बादलीनिशी देऊन टाकलं. त्या संध्याकाळी मैत्रिणीने आम्हांला पंचगंगा घाटावर नेलं. कार्तिकातले आकाशदिवे बांबूंवर टांगले होते, पितरांना वाट दिसावी म्हणून. विहीणबाई मान वर करून खूप वेळ पाहत राहिल्या.

लग्नात मुलीच्या केसांत गुलाब होते. शेवंती नको असं कोणी म्हटलं नाही, मीच ठरवलं. नवऱ्यामुलाची आई वेदीसमोर बसून कबर आठवत राहावी हे बरं नव्हे. मुलगीही हो म्हणाली. तरी तिला गुलाबात पाहून माझ्या मनाला लागलं. वसईहून आलेल्या भावजयीने कारण विचारलं तर मी म्हटलं, या वर्षी आमच्या शेवंतीला कीड लागली.

पुढच्या वर्षी मृतांच्या दिवशी मी सकाळी कब्रस्तानात गेले. झेंडूबरोबर गच्चीवरची शेवंतीही नेली. त्या दगडावर ती बरी दिसते असं आता वाटू लागलं आहे. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे अजून ऊन होतं. तिच्यामागे सगळं कब्रस्तान शेवंतीने भरलेलं, जिकडे पाहावं तिकडे माणसं कुंड्या घेऊन चाललेली. तिने फोन खाली केला. सासऱ्यांच्या कबरीपाशी दगडी पाटीचा एक छोटा तुकडा टेकवून ठेवला होता आणि त्यावर तिच्या बाबांचं नाव होतं, मराठीत, तिच्याच हाताचं. दोन्हींपुढे सारखी फुलं.

मग फोन वर आला तेव्हा पाहिलं, तिच्या अंबाड्यात एक पिवळी शेवंती खोचलेली होती. येणारे-जाणारे थबकून तिच्याकडे बघत होते. मी घाबरले, म्हटलं, अगं काढ ते, सासूबाईंना काय वाटेल. ती म्हणाली, बाबांचा दिवस आहे ना, आणि बाबा शेवंती आणायचे.

फूल जरा सुटलं होतं. मागून एक हात आला, तिच्या केसांतली पिन काढली आणि फूल सरळ करून परत घट्ट लावली. बाही वर केलेली होती आणि हात ओला होता.